ऑनलाइन गेमचं पेड एक्स्पान्शन घ्यायचंय? कार्ड काढायच्या आधी हे वाचून घ्या

ज्यांनी आत्ता कुठे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, फायनल फँटसी १४, गिल्ड वॉर्स २, डेस्टिनी २ असलं काहीतरी सुरू केलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. थोडे दिवस खेळून झाले की एक्स्पान्शनचं, म्हणजे मूळ गेमवर वेगळे पैसे देऊन घ्यायच्या मोठ्या नव्या भागाचं, स्टोअरचं पान समोर येतं, वर चकचकीत ट्रेलर, खाली तीन एडिशन, किंमत बऱ्याचदा डॉलरमध्ये. मग ग्रुपवर विचारलं की घेऊ का, तर अर्धे म्हणतात डोळे झाकून घे आणि अर्धे म्हणतात लुटतायत नुसते. दोघंही आपापल्या जागी बरोबरच असतात, फक्त दोघांपैकी कोणीच नवीन नसतं, म्हणून तुमच्या कामाचं उत्तर कोणाकडूनच मिळत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक मोठ्या गेमची एक्स्पान्शन जुन्या खेळाडूला परवडतात. तीच वस्तू त्याच किमतीत नवीन माणसाला महाग पडते, कारण तो तिथपर्यंत पोचलेलाच नसतो. त्यामुळे आत्ता गेममध्ये जिथे आहात तिथे जेवढं लागतंय तेवढंच घ्यायचं, बाकीचं कुठे पळून जात नाही. (डेस्टिनीमध्ये पळून गेलं होतं, त्यावर खाली बोलतोच.)

१. आधी गेम पैसे नेमके कशाचे घेतोय ते बघा

सगळ्या कंपन्यांची पद्धत वेगवेगळी आहे आणि नवीन माणूस इथेच पहिल्यांदा गंडतो.

वॉरक्राफ्ट आणि फायनल फँटसी १४ दोन्हीकडून पैसे घेतात, म्हणजे एक्स्पान्शन वेगळं विकत घ्यायचं आणि वर महिन्याचं सबस्क्रिप्शन पण भरायचं. गिल्ड वॉर्स २ ला महिन्याची फी नाहीच, एक्स्पान्शन एकदा घेतलं की संपलं. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनने २०१५ मध्ये सक्तीचं सबस्क्रिप्शन काढून टाकलं, आता ते ऐच्छिक आहे. ऐच्छिक म्हणायचं फक्त, कारण कच्चा माल ठेवायची अमर्याद पिशवी फक्त सबस्क्रायबरलाच मिळते आणि ज्याने ती महिनाभर वापरली त्याला नंतर पिशवीशिवाय क्राफ्टिंग करवत नाही.

आणि पाथ ऑफ एक्झाइलसारखा गेम पण आहे, तो २०१३ पासून एक्स्पान्शन फुकटच देतो आणि कपडे, इफेक्ट, सामान ठेवायचे जादा कप्पे विकून चालतो. म्हणजे 'एक्स्पान्शनचे पैसे घेतल्याशिवाय सर्व्हर चालणार कसे' असं कोणी ठामपणे सांगितलं तर लगेच मान डोलवू नका.

बॅटल पास, सीझन पास, स्किन ही एक्स्पान्शन नव्हेत. एक्स्पान्शन म्हणजे नवा नकाशा, नवी कथा, बऱ्याचदा नवा क्लास (कॅरेक्टरचा प्रकार) आणि नव्या रेड (बऱ्याच जणांनी मिळून लढायच्या मोठ्या लढाया). स्टोअरच्या पानावर हे सगळं एकाच रांगेत मांडलेलं असतं, नीट वाचा.

२. फुकटात जेवढं मिळतं तेवढं आधी संपवा

ही पायरी कंटाळवाणी वाटते पण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात.

फायनल फँटसी १४ ची फ्री ट्रायल आता मूळ गेम, हेवन्सवर्ड आणि स्टॉर्मब्लड ही दोन अख्खी एक्स्पान्शन आणि लेव्हल ७० पर्यंत फुकट देते, वेळेची मर्यादा नाही. (आधी लेव्हल ६० पर्यंतच होती, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये वाढवली.) नोकरी सांभाळून रोज तास-दीड तास खेळणाऱ्याला हे कित्येक महिने पुरतं. बंधनं आहेत, जसं की मार्केट बोर्ड (खेळाडूंचा आपसातला बाजार) वापरता येत नाही, गिल्डमध्ये (खेळाडूंच्या कायमच्या गटात) जाता येत नाही, स्वतः पार्टी बनवता येत नाही आणि गेममधले पैसे ३ लाख गिलच्या वर साठवता येत नाहीत. पण कथा खेळायला यातलं काहीच आडवं येत नाही.

इथला सापळा असा की ट्रायलचं अकाउंट एकदा पेड केलं की परत ट्रायलवर जाता येत नाही. कोणीतरी सेल लागलाय म्हणून पूर्ण गेम घ्यायला लावतं, तुम्ही घेता, पहिले तीस दिवस गेमटाइम सोबत असतो आणि तो संपला की त्याच लेव्हल ३५ च्या कॅरेक्टरला खेळवायला दर महिन्याला पैसे. जे काल फुकट होतं तेच. सेल परत येतो हो, फायनल फँटसीच्या कंपनीचा, स्क्वेअर एनिक्सचा, तर ठरलेल्यासारखा येतो.

वॉरक्राफ्ट लेव्हल २० पर्यंत फुकट. गिल्ड वॉर्स २ चा मूळ गेम २०१५ पासून फुकट आहे, लेव्हल ८० पर्यंत, चॅट आणि ट्रेडिंगवर थोडी बंधनं सोडली तर पूर्ण नकाशा उघडा. डेस्टिनी २ चा पण पाया २०१९ पासून फुकट आहे, तरी तिथे नवीन माणसाला आपण कुठे आहोत आणि काय करतोय हे बराच वेळ कळतच नाही, तो भाग वेगळा.

३. नव्या एक्स्पान्शनपर्यंत पोचायला किती चालावं लागेल ते मोजा

ट्रेलर नेहमी सगळ्यात नव्या भागाचा असतो. तो तुम्हाला आज खेळता येईल का हे पानावर कुठेतरी बारीक अक्षरात असतं.

फायनल फँटसी १४ चं डॉनट्रेल २ जुलै २०२४ ला आलं. ते खेळायला आधी मूळ गेमची कथा, मग हेवन्सवर्ड, स्टॉर्मब्लड, शॅडोब्रिंगर्स, एंडवॉकर, आणि प्रत्येकाच्या मधल्या पॅचमधली (मधूनमधून येणाऱ्या अपडेटमधली) कथा, हे सगळं क्रमाने पूर्ण करावं लागतं. मधेच उडी मारता येत नाही. मारायची असेल तर कंपनी कथा वगळायचं तिकीट वेगळ्या पैशात विकते, म्हणजे कथेसाठी नावाजलेल्या गेमची कथा न बघण्यासाठी पैसे द्यायचे. ज्याला मित्रांसोबत थेट रेड करायच्या आहेत त्याच्यासाठी ठीक असेल एक वेळ, पण पहिल्यांदाच खेळणाऱ्याने ते घेऊ नये असं मला मनापासून वाटतं, शॅडोब्रिंगर्सचा शेवट वगळून पुढे गेलेली मंडळी बघितली की वाईट वाटतं.

वॉरक्राफ्टमध्ये उलटं आहे. तिथे नवीन कॅरेक्टरला जुनी वीस वर्षं खेळायला लावत नाहीत, एखाद्या जुन्या एक्स्पान्शनमधून पटापट लेव्हल वाढवून नव्यात आणून सोडतात. त्यामुळे तिथे नवं एक्स्पान्शन लवकर कामाला येतं, फक्त कथेचा आगापिछा काही लागत नाही. लेव्हल बूस्ट (कॅरेक्टरला एकदम वरच्या लेव्हलला नेणारी वस्तू) पण विकायला असतो. पहिल्या कॅरेक्टरला बूस्ट घेऊ नका, बटणं कुठली कधी दाबायची हे लेव्हल वाढवतानाच कळतं, नाहीतर पहिल्याच डन्जनमध्ये (छोट्या गटाच्या मोहिमेत) टँक (पुढे उभा राहून मार खाणारा साथीदार) शिव्या घालून निघून जातो.

गिल्ड वॉर्स २ ची गंमत वेगळी. लेव्हलची मर्यादा २०१२ ला ८० होती, आजही ८० च आहे. जुन्या एक्स्पान्शनमधला नकाशा आज पण भरलेला असतो आणि तेव्हा बनवलेलं चांगलं गिअर (शस्त्रं, चिलखत) आज पण चालतं. एक्स्पान्शनच्या पैशाचं चीज व्हायला याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही असं मी म्हणेन. लेव्हल वाढवणाऱ्या गेममध्ये दर दोन वर्षांनी मागचं सगळं गिअर भंगारात जातं.

४. जुनी एक्स्पान्शन वेगळी विकत घेऊ नका

चौकशी न करता एकेक सुटं घेणारे लोक अजूनही आहेत. सध्याचं गणित असं आहे:

- वॉरक्राफ्ट: २०१८ पासून जुनी एक्स्पान्शन सबस्क्रिप्शनमध्येच येतात. पैसे फक्त नव्याचे.
- फायनल फँटसी १४: सगळ्यात नवं एक्स्पान्शन घेतलं की मधली सगळी त्यात येतात, पण स्टार्टर एडिशन वेगळी लागते. फक्त डॉनट्रेल घेऊन गेम चालत नाही.
- गिल्ड वॉर्स २: पाथ ऑफ फायर घेतलं की हार्ट ऑफ थॉर्न्स सोबत मिळतं. नंतरची सुटी.
- एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन: २०२४ पर्यंत दरवर्षी येणारे चॅप्टर (तिथली एक्स्पान्शन) साधारण वर्षभराने साध्या डीएलसीत (जादा विकत घ्यायच्या भागांत) जमा व्हायचे आणि मग सबस्क्रिप्शनमध्ये खेळता यायचे. २०१७ चं मॉरोविंड तर आता मूळ गेमचाच भाग आहे. थांबणाऱ्याचा इथे स्पष्ट फायदा.

हे बंडलिंग (जुनं-नवं एकत्र देणं) नेहमी एवढं सुरळीत नव्हतं. २०१५ मध्ये गिल्ड वॉर्स २ ने हार्ट ऑफ थॉर्न्सची आगाऊ विक्री उघडली तेव्हा जे झालं ते नवीन लोकांनी माहीत करून घ्यावं. किंमत ४९.९९ डॉलर, आणि त्यात मूळ गेम फुकट. ऐकायला छान, पण ज्यांनी मूळ गेम तीन वर्षांपूर्वी पूर्ण पैसे देऊन घेतला होता त्यांना पण तेवढेच ४९.९९, सूट शून्य. वर एक्स्पान्शनमध्ये रेव्हनंट हा नवा क्लास, आणि तो बनवायला कॅरेक्टरचा रिकामा स्लॉट (जागा) पाहिजे. जुन्या खेळाडूंचे स्लॉट भरलेले! जादा स्लॉट ७४.९९ च्या डिलक्समध्ये होता. म्हणजे ज्या क्लाससाठी एक्स्पान्शन घेतलं तो बनवायला एक तर जुनं कॅरेक्टर डिलीट करा, नाहीतर अजून पैसे टाका. लोक प्रचंड भडकले, आणि शेवटी गिल्ड वॉर्स २ च्या कंपनीने, एरिनानेटने, २३ जानेवारी २०१५ च्या आधीपासून अकाउंट असलेल्यांना प्रीपर्चेसवर एक स्लॉट फुकट दिला. पुढचं पाथ ऑफ फायर २०१७ मध्ये २९.९९ ला आलं आणि आता त्यांची एक्स्पान्शन आकाराने लहान आणि २४.९९ ला येतात. ओरडा झाला की किमती हलतात, एवढं लक्षात ठेवा आणि पहिल्या आठवड्यात घाई करू नका.

५. घेतलेलं टिकतंय का ते बघा

आता डेस्टिनी.

डेस्टिनी २ सप्टेंबर २०१७ मध्ये ५९.९९ डॉलरला आला. त्यावर कर्स ऑफ ओसायरिस, मग वॉरमाइंड, मग फोरसेकन, सगळं पैसे देऊन. १० नोव्हेंबर २०२० ला बियाँड लाइट आलं आणि त्याच दिवशी मूळ गेमची रेड वॉर ही कथा, कर्स ऑफ ओसायरिस आणि वॉरमाइंड गेममधून काढले. मंगळ, बुध, आयो, टायटन हे अख्खे ग्रह-उपग्रह नकाशावरून गायब. कंपनीने याला कंटेंट व्हॉल्ट असं नाव दिलं, कारण सांगितलं की गेम फार मोठा झालाय आणि सांभाळणं अवघड जातंय, जे तांत्रिकदृष्ट्या खोटं नव्हतं. पण ज्याने पैसे दिले त्याच्या बाजूने बघा. रो-हाऊस घेतलं आणि तीन वर्षांनी बिल्डर येऊन म्हणाला मागची खोली सांभाळायला अवघड जातेय, काढून टाकतो, तसला प्रकार. फेब्रुवारी २०२२ मध्ये विच क्वीन आलं तेव्हा फोरसेकनची कथा पण गेली, जी कित्येक लोक डेस्टिनीतली सगळ्यात भारी मानतात.

नंतर त्याच वर्षी बंजीने, म्हणजे डेस्टिनीच्या कंपनीने, जाहीर केलं की यापुढे कुठलंही एक्स्पान्शन गेममधून काढून टाकणार नाही. ठीक. पण नवीन माणूस आज आत गेला की कथेचा पहिला भाग त्याच्यासाठी अस्तित्वातच नाही, तो व्हिडिओ बघून जोडून घ्यावा लागतो. आणि विच क्वीनपासून नव्या डन्जनची चावी एक्स्पान्शनच्या वर वेगळी विकायला लागले, ती महागड्या एडिशनमध्येच होती, साध्यात नाही. बंदूक चालवण्याची मजा विचाराल तर डेस्टिनीच्या जवळपास कोणी नाही, हे मान्यच. तरी नवीन लोकांना मी पूर्ण किमतीत डेस्टिनीचं काहीही घ्या म्हणणार नाही. त्यांची जुनी एक्स्पान्शन सेलमध्ये फार खाली येतात, आणि २०२४ मध्ये फायनल शेप या एक्स्पान्शनच्या आधी काही आठवडे तर जुनी एक्स्पान्शन सगळ्यांना फुकट उघडली होती.

खरेदीच्या आधी कुठल्याही गेमबद्दल हे शोधा: आत्तापर्यंत विकलेलं काही काढून टाकलंय का? काढलं असेल तर त्या बदल्यात काय दिलं? हे दोन प्रश्न ट्रेलरपेक्षा जास्त सांगतात.

६. दोन वर्षांचा हिशोब मांडा, एका दिवसाचा नको

लोक एक्स्पान्शनच्या किमतीवर भांडतात आणि सबस्क्रिप्शनकडे बघतच नाहीत. वॉरक्राफ्टचं वॉर विदिन ऑगस्ट २०२४ मध्ये ४९.९९ डॉलरला आलं. सबस्क्रिप्शन महिन्याला १४.९९. वॉरक्राफ्टची एक्स्पान्शन आत्तापर्यंत साधारण दोन वर्षांनी येत आलीत, म्हणजे सलग खेळणाऱ्याचे २४ महिन्यांचे ३५९.७६ आणि वर ४९.९९, एकूण ४०९.७५ डॉलर. यात एक्स्पान्शनचा वाटा जेमतेम बारा टक्के. सहा महिन्यांचं एकदम घेतलं की थोडं कमी होतं, पण चित्र तेच. तर वॉरक्राफ्टचं एक्स्पान्शन परवडतं का या प्रश्नाला फारसा अर्थ नाही, तुम्ही महिन्यातून किती दिवस लॉगिन करता हा खरा प्रश्न आहे. शनिवार-रविवारच खेळणाऱ्याने वर्षभर ऑटो-रिन्यू चालू ठेवणं म्हणजे दान. त्यापेक्षा पॅच आला की एक महिना भरायचा, कथा संपवायची, बंद करायचं. जुने लोक हेच करतात, कोणी सांगत नाही एवढंच.

तेवढ्याच काळाच्या खेळासाठी गिल्ड वॉर्स २ ची सीक्रेट्स ऑफ द ऑब्स्क्युअर आणि जांथिर वाइल्ड्स ही दोन्ही मिळून ४९.९८ डॉलर, महिन्याचं काही नाही. पण इथे पण खाचखळगे आहेत. पहिला, २०२३ पासून ते एक्स्पान्शन पहिल्या दिवशी पूर्ण देत नाहीत, नकाशे आणि कथा वर्षभरात हप्त्याहप्त्याने येतात, त्यामुळे पहिल्या दिवशी घेणाऱ्याला वाटतं एवढंसंच? आणि वर्षाने घेणाऱ्याला तेच भरगच्च वाटतं. दुसरा, लिव्हिंग वर्ल्ड. एक्स्पान्शनच्या मधली कथा तेव्हा लॉगिन करणाऱ्याला फुकट मिळाली, तुम्ही तेव्हा नव्हता म्हणून आता पहिला सीझन सोडून बाकीचे जेम्स (पैसे देऊन मिळणारं गेममधलं चलन) देऊन घ्यायचे. कथा सलग हवी असेल तर हा खर्च धरूनच चाला. त्यातल्या त्यात बरं म्हणजे गेममधलं सोनं देऊन जेम्स घेता येतात, घाई नसेल तर रुपया न घालवता हे सीझन उघडता येतात.

फायनल फँटसी १४ मध्ये एक्स्पान्शन घेतलं की पुढचे सगळे मोठे पॅच, म्हणजे नव्या रेड, नवी कथा, हे पुढच्या एक्स्पान्शनपर्यंत वेगळे पैसे न घेता येतात (सबस्क्रिप्शन अर्थात चालू पाहिजे). ३९.९९ डॉलरला जे काय मिळतं ते बघता डॉनट्रेल मला महाग वाटलं नाही, जरी त्याची कथा बऱ्याच जणांना आवडली नाही.

७. एडिशन आणि प्रीऑर्डर: साधी घ्या, उशिरा घ्या

वॉर विदिनची सगळ्यात महाग डिजिटल एडिशन ८९.९९ ची होती आणि तिच्यात काही दिवस आधी खेळायला मिळत होतं. साध्या एडिशनवाल्यांनी पण तेच एक्स्पान्शन घेतलंय, फक्त त्यांना मागाहून आत सोडलं. यावर तेव्हा बरीच चर्चा झाली आणि मला तरी हा प्रकार अजिबात आवडला नाही. नवीन माणसाला तर काही दिवस आधी खेळायला मिळण्याचा काडीचा उपयोग नाही.

आणि पहिल्याच दिवशी आत जाऊन काय होतं हे फायनल फँटसीच्या एंडवॉकरच्या वेळी, डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्यांनी बघितलं. तासन् तास रांग, रांगेत असतानाच एरर २००२ येऊन बाहेर फेकणं, परत पहिल्यापासून. शेवटी स्क्वेअर एनिक्सने गेमची विक्रीच काही काळ बंद केली, जानेवारी २०२२ मध्ये परत सुरू केली, आणि खेळाडूंना भरपाई म्हणून फुकट गेमटाइम दिला. चुकीला चूक म्हणून भरपाई देणारी कंपनी विरळाच, त्याचं कौतुक. पण तुम्ही लाँच झाल्यावर एक-दीड महिन्याने घेतलं तर काही बिघडत नाही, उलट बग निस्तरलेले असतात.

माउंट (बसायचा प्राणी), पेट, इमोट (हावभाव) यासाठी डिलक्स घेऊ नका. फारच आवडलं तर बहुतेक ठिकाणी नंतर अपग्रेड करता येतं.

८. कुठल्या दुकानातून घेताय ते एकदा ठरवा, मग बदलू नका

हा सापळा सगळ्यात वाईट, कारण पैसे गेल्यावरच कळतो. फायनल फँटसी १४ चा मूळ गेम स्टीमवर घेतला तर पुढची सगळी एक्स्पान्शन पण स्टीमवरच घ्यावी लागतात. कंपनीच्या स्वतःच्या स्टोअरवरून घेतलेलं त्या अकाउंटला लागत नाही, आणि उलटंही तेच. सेल एकीकडे आणि तुमचं अकाउंट दुसरीकडे असं बरेचदा होतं. गिल्ड वॉर्स २ मध्ये पण स्टीमवर उघडलेलं अकाउंट वेगळं आणि कंपनीच्या साइटवरचं वेगळं.

तसंच रिजन. न्यू जर्सीतल्या मामेभावाने वाढदिवसाला कोड पाठवला आणि तो तुमच्या युरोप रिजनच्या अकाउंटला घेतच नाही, हे अगदी होऊ शकतं. भावाला आधी अकाउंटचं रिजन सांगा, मग कोड घ्यायला लावा. निम्म्या किमतीत की (गेमचा कोड) विकणाऱ्या साइटपासून लांब राहा, ती की चोरीच्या कार्डाने घेतलेली निघाली तर कंपनी ती रद्द करते आणि अकाउंट पण अडकू शकतं.

पिंगचं (सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचं) पण इथेच बघून घ्या. गिल्ड वॉर्स २ चे सर्व्हर आपल्यासाठी युरोप किंवा अमेरिका, आशियात आपल्याला खेळता येईल असा नाही. फायनल फँटसी १४ चे जपान, अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया. फुकट खेळताना संध्याकाळी नऊ-दहाच्या वेळेला पिंग किती येतं ते चार दिवस बघा. पुण्या-मुंबईत फायबरवर चालतं तेच तालुक्याच्या गावी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालेलच असं नाही, आणि खराब पिंगवर कितीही चांगलं एक्स्पान्शन घेतलं तरी रेडमध्ये जमिनीवर पडूनच बघायचं.

९. पैसे भरण्याआधीची तयारी

हाताशी लागणाऱ्या गोष्टी:

- बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू केलेलं कार्ड. बऱ्याच कार्डांवर ते बंदच असतं. व्यवहार झाला की परत बंद करा.
- ओटीपी येणारा मोबाईल. वडिलांचं कार्ड असेल तर वडील घरात असताना भरा, ऑफिसात मीटिंगमध्ये बसलेल्या माणसाला ओटीपी मागू नका.
- गेमचं अकाउंट ज्या ईमेलवर आहे तो चालू ईमेल, आणि अकाउंटला टू-फॅक्टर (पासवर्डच्या वर दुसरी पडताळणी) लावलेलं.
- कार्डावरचं नाव-पत्ता आणि गेमच्या अकाउंटवरचा देश, दोन्ही जुळलेले.
- डिस्कवर जागा. या गेमना शंभर जीबीच्या आसपास किंवा वर लागते, वर पॅच उघडायला मोकळी जागा वेगळी.
- खरेदीच्या पानाचा स्क्रीनशॉट, एडिशनचं नाव आणि किंमत दिसेल असा.

किंमत डॉलर किंवा युरोत असेल तर बँक त्यावर परकीय चलनाचं मार्कअप लावते, बऱ्याच कार्डांवर २ ते साडेतीन टक्के, आणि त्या मार्कअपवर जीएसटी. स्टीमवर २०१५ पासून रुपयात किंमत दिसते आणि यूपीआय पण चालतं, त्यामुळे पहिल्यांदा घेणाऱ्याला तिथलं सोपं पडतं. फक्त आठवी पायरी विसरू नका.

महिन्याच्या सबस्क्रिप्शनचं वेगळं लफडं आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून आपोआप जाणाऱ्या पैशाला आधी मँडेट (तुमची परवानगी) नोंदवावं लागतं आणि पैसे कापायच्या चोवीस तास आधी बँकेने कळवायचं असतं. ग्राहकासाठी चांगलाच नियम आहे, पण परदेशी कंपन्यांची ऑटो-पेमेंट त्यात बरीच अडकली. माझं एका गेमचं पेमेंट असंच दोनदा फेल झालं आणि सपोर्टवाले बँकेकडे बोट दाखवायचे, बँकवाले त्यांच्याकडे. शेवटी मी ३० किंवा ६० दिवसांचा गेमटाइम सुटा घ्यायला लागलो आणि तेच सोयीचं वाटलं, विसरून पैसे जायची भीतीच नाही.

घरी कोणी विचारलंच की गेमवर बंदी आली ना आता, तर ऑगस्ट २०२५ चा कायदा पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे, एकरकमी किंवा सबस्क्रिप्शनची फी घेऊन नुसतं खेळू देणारे गेम त्याने बंद केलेले नाहीत.

१०. रिफंडची खिडकी उघडी आहे तोवर ठरवा

स्टीमवर गेम घेतल्यापासून चौदा दिवस आणि दोन तासांच्या आत खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. एक्स्पान्शन डीएलसी म्हणून विकलेलं असेल तर दोन तास मोजतात ते एक्स्पान्शन घेतल्यानंतर मूळ गेम किती खेळलात त्यावरून, आणि ते वापरलेलं किंवा बदललेलं नसावं ही अट आहे. म्हणजे सोबत मिळालेला बूस्ट कॅरेक्टरला लावला आणि मग रिफंड मागितला तर अवघड आहे. कंपनीच्या स्वतःच्या स्टोअरवरचे नियम वेगळे, कोड अकाउंटला एकदा लागला की बहुतेक ठिकाणी विषय संपला. म्हणून कोड लावायच्या आधी एडिशन, रिजन, दुकान ही तीन नावं मोठ्याने वाचा, खरंच.

आणि तरी 'तू फक्त नाव सांग' म्हणणारे असतातच, त्यांच्यासाठी: महिन्याचा खर्च नको असेल तर गिल्ड वॉर्स २ फुकट सुरू करा, ८० ला पोचलात आणि अजून कंटाळा आला नसेल तर पाथ ऑफ फायरचा संच घ्या, पहिल्या तासाभरात रॅप्टर (बसून फिरायचा प्राणी) मिळतो आणि तेवढ्यासाठी पण मी ते घेतलं असतं. कथा वाचायची आवड असेल तर फायनल फँटसीची ट्रायल, स्टॉर्मब्लड संपेपर्यंत खिशात हात घालू नका. मित्र आधीपासून वॉरक्राफ्टमध्ये असतील तर तेच, पण एकेक महिना भरून. आणि डेस्टिनी फुकटवाला उतरवा, चार संध्याकाळ गोळ्या झाडा, आणि सेल लागेपर्यंत स्टोअरचं पान उघडू नका.